सरकती फुली

बाईंनी स्क्रीनवरची फुली एकोणिसाव्यांदा सरकवली तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि अंगात जेमतेम फुली सरकवण्यापुरतंच त्राण उरलं होतं.

बाई म्हणजे शाळेतल्या संगणकाच्या बाई. नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. या सव्वीस वर्षांत शाळेत विजेवर चालणारी जी जी वस्तू आली ती बाईंच्या गळ्यात पडली. छपाईयंत्र पडलं, आपोआप वाजणारी घंटा पडली, शिक्षकांच्या अंगठ्याचं हजेरीयंत्र पडलं आणि दोन वर्षांपूर्वी रोबो पडला. दर वेळी मुख्याध्यापक म्हणायचे, "तुमच्याच विषयातलं आहे, बाई." एकदा तर त्यांनी गच्चीवरच्या पाण्याचा पंपही बाईंच्या विषयात घातला होता.

रोबो मुलांनीच बांधला होता. खाली चार चाकं, वर एक गरगर फिरणारं चाक आणि त्यातून सुटून दर वेळी तेवढ्याच अंतरावर पडणारा स्पंजचा चेंडू. आंतरशालेय स्पर्धेत हा चेंडू लांबच्या डब्यात टाकायचा. आता चेंडू डब्यात टाकणं यात काही विशेष नाही. पण स्पर्धेचे नियम करणारे लोक बहुधा घरी कंटाळलेले असावेत. त्यांनी ठरवलं, की रोबो चालवणाऱ्याने डब्याकडे बघायचंच नाही. त्याने एका लाकडी फळीआड बसायचं आणि रोबोवरचा कॅमेरा लॅपटॉपवर जे दाखवेल त्यावरून नेम धरायचा.

फळीआड बसायची ती मुंगी. हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण वर्गातल्या पोरांना दुसरं नाव आठवत नव्हतं. बारकी, गप्प, सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेणारी. दोन वर्षं ती राखीव ड्रायव्हर होती. राखीव ड्रायव्हरचं काम म्हणजे चेंडू गोळा करणं. शाळेचं हे शेवटचं वर्ष, आणि यंदा कुठे ती खुर्ची तिला मिळाली होती. कारण आधीचा ड्रायव्हर, ज्याला सगळे 'राजे' म्हणत, त्याने स्वतःच सोडली होती. मग पंधरा दिवसांनी राजेंना खुर्ची पुन्हा हवीशी वाटू लागली. राजे हे मुख्याध्यापकांच्या साडूचे चिरंजीव.

तीन आठवड्यांपूर्वी मुख्याध्यापकांनी सराव बघितला. मुंगीचा पाचांत एक चेंडू डब्यात पडला.

"ड्रायव्हर बदला," ते म्हणाले.

"सर, तिच्या चित्रात नेम धरायला खूणच नाहीये काही," बाई म्हणाल्या. "नुसता डबा दिसतो. मी चित्रावर एक फुली टाकून देते. फुली डब्यावर आली की चेंडू सोडायचा."

"तीन आठवडे देतो. तिसऱ्या शुक्रवारी पाचांत तीन. नाहीतर राजे."

बाईंनी त्याच दिवशी फुली टाकली. अकरा ओळींचं काम. लाल रंगाची, चित्राच्या बरोबर मधोमध. चेंडू डब्याच्या उजवीकडे वीतभर पडला, कारण कॅमेरा चेंडू फेकणाऱ्या चाकाच्या वीतभर डावीकडे बसवलेला होता. बाईंनी फुली उजवीकडे नेली. चेंडू डब्यात पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मुंगीने पुन्हा चेंडू डब्यात टाकला. पण तेव्हा फुली डब्यावर नव्हती, डब्याच्या खाली जमिनीवर होती. बाईंनी ती उचलून डब्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो रोजचा नेमच होऊन बसला. मुंगी चेंडू टाकायची, बाई फुली मागून न्यायच्या. शिक्षकांच्या खोलीत 'काय चाललंय सध्या?' असं कुणी विचारलं तर बाई म्हणायच्या, "फुली सरकवतेय." कुणाला काही वाटायचं नाही. त्या खोलीत प्रत्येक जण काही ना काही सरकवतच होता.

संघात एक मुलगा होता, त्याला वकील म्हणत. कारण 'बस' म्हटलं तर तो 'कशावर?' विचारायचा. एकोणिसाव्या वेळेला तो म्हणाला, "बाई, फुली रोज वरच का जाते? कधी खाली का नाही?"

बाईंनी वहीतले आकडे बघितले. खरंच की. फुली चित्राच्या वरच्या कडेला येऊन ठेपली होती. आणखी आठवड्याने ती स्क्रीन सोडून मागच्या भिंतीवर चढली असती.

बाईंनी रोबो टेबलावर घेतला. कॅमेरा एका पत्र्याला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावलेला होता. खोलीवर पत्र्याचं छप्पर. दुपारी ते तापलं की पट्टी मऊ पडायची आणि कॅमेरा हळूच मान खाली टाकायचा. संध्याकाळी गार झाला की तिथेच, तशाच अवस्थेत घट्ट व्हायचा.

"पेंगतोय हा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, जरा हेवाच होता.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मग बोल्ट मार ना दोन," नवरा म्हणाला. सगळ्या नवऱ्यांप्रमाणे त्यालाही दुसऱ्याच्या कामातलं उत्तर चटकन सापडायचं.

"बोल्ट मारला की कॅमेऱ्याची जागा बदलणार. मग सगळं पहिल्यापासून मांडा. परवावर आलाय शुक्रवार."

"मग?"

"मग काय? शुक्रवारी सकाळी फुली बरोबर जागी ठेवायची आणि पत्रा तापायच्या आत पाच चेंडू उरकायचे. बोल्टचं नंतर बघू."

"हे मुंगीला सांगितलंस?"

"कशाला तिच्या डोक्याला ताप? तिने फुलीकडे बघावं म्हणजे झालं."

गुरुवारी मुख्याध्यापक डोकावले. फुली त्यांना आवडली. "पण चित्र उघडंबोडकं वाटतं हो," ते म्हणाले. "शुक्रवारी संस्थेचे लोक असतील. शाळेचं बोधचिन्ह टाका की. खाली, मधोमध. मोठं."

बाईंनी टाकलं. शाळेचं बोधचिन्ह म्हणजे एक दिवा, एक पुस्तक, एक चाक आणि एक उगवता सूर्य. कोणत्याच समिती सदस्याचं मन मोडू नये म्हणून सगळं घेतलेलं. चित्राचा खालचा चतकोर त्याने व्यापला. मुंगीने ते बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मुख्याध्यापक बघतायत म्हटल्यावर मिटलं.

"उद्या फुलीनेच नेम धरायचा हं," मुख्याध्यापक तिला म्हणाले. "आपल्याला तंत्रज्ञान दाखवायचंय."

"हो सर."

शुक्रवारी सकाळी दहाला बाईंनी फुली नीट बसवली. एक चेंडू टाकून बघितला. डब्यात. राजेंच्या वडिलांनी आदल्या दिवशी 'चाचणी निःपक्षपाती व्हावी' असं पत्र दिलं होतं, म्हणून दहा वाजल्यानंतर कुणीही रोबोला किंवा लॅपटॉपला हात लावायचा नाही, असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. पहाऱ्याला शिपाईमामा खुर्ची टाकून बसले.

चाचणी साडेदहाला होती. संस्थेचे लोक अकराला आले. मग चहा झाला. मग मुख्याध्यापकांनी त्यांना नवीन जिना दाखवला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी छपराचा पत्रा कटकट वाजू लागला. बाई रोबोसमोर हात बांधून उभ्या होत्या आणि कॅमेऱ्याकडे बघत होत्या, जशी एखादी आई पाहुण्यांसमोर डुलक्या घेणाऱ्या पोराकडे बघते.

"मामा, एक मिनिट हात लावू?"

"लावा की बाई. पण मग मला सांगावं लागेल." मामा खरोखर वाईट वाटून म्हणाले.

साडेबाराला सगळे आले. मुंगी फळीआड बसली. फुली डब्यावर आणायला तिने रोबो पुढे नेला, आणखी पुढे नेला, थांबली, चेंडू सोडला. चेंडू डब्यावरून झकास गेला आणि मागच्या भिंतीवर आपटला. दुसराही तसाच, त्याच भिंतीवर, जवळजवळ त्याच जागी.

"सातत्य आहे," संस्थेतले एक जण म्हणाले.

मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. "पुरे. बाई, मी म्हटलंच होतं. सोमवारपासून राजेंना बसवा."

मुंगी फळीआडून उठलीच नाही. बाईंना वाटलं, आपण आता 'बरं सर' म्हटलं की संपलं. जेवायला जाता येईल. पायांना फार कळ लागली होती. सव्वीस वर्षांत त्यांनी 'बरं सर' इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते शब्द आपले आपण ओठांवर येऊन उभे राहिले.

"सर, चूक तिची नाही," बाई म्हणाल्या. आपल्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं. "फुलीची आहे. म्हणजे माझी आहे."

"फुली चुकीची आहे?"

"सकाळी दहाला बरोबर होती."

"मग आता?"

"आता साडेबारा वाजलेत."

"घड्याळाचा काय संबंध?"

"कॅमेरा उन्हाने खाली झुकतो, सर. तीन आठवडे झुकतोय. मी तो पक्का करायचा सोडून रोज फुलीच हलवत बसले. चेंडू जिथे पडेल तिथे फुली न्यायची, की वाटतं नेम लागला."

शाळेचा वार्षिक अहवाल याच पद्धतीने तयार होत असल्यामुळे यात वावगं काय, ते मुख्याध्यापकांना पटकन कळेना.

"पण मग तीन आठवडे हिचे चेंडू डब्यात पडत कसे होते?" वकिलाने विचारलं. हा प्रश्न बाईंनी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

फळीमागून मुंगीचा आवाज आला. "सर, उरलेले तीन फुली बंद करून टाकले तर चालतील?"

"अगं, मग नेम कशाने धरणार?"

"बोल्टने."

"कुठल्या बोल्टने?"

"रोबोच्या पुढच्या पट्टीवर एक बोल्ट आहे. चित्रात खाली, जरा उजवीकडे दिसतो. कॅमेरा वाकला की चित्रात बोल्टही सरकतो आणि डबाही सरकतो, बरोबरच. डब्याचा तळ बोल्टला टेकला की सोडायचा. फुली आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज तसंच सोडते मी."

"मग आज का नाही सोडलास?" बाईंनी विचारलं.

"सर म्हणाले ना, फुलीनेच. आणि..." मुंगी जरा घुटमळली. "बोल्टवर बोधचिन्ह आलंय."

सगळ्यांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी संस्थेच्या लोकांकडे बघितलं. संस्थेच्या लोकांनी घड्याळाकडे बघितलं, कारण त्यांनाही जेवायचं होतं.

"तात्पुरतं काढा," मुख्याध्यापक म्हणाले. "तीन चेंडूंपुरतं. पण एकही चुकला, तर राजे."

बाईंनी एक कळ दाबली. फुली गेली, दिवा गेला, सूर्य गेला, पुस्तक आणि चाक गेलं. चित्रात राहिला धुळकट बोल्ट आणि लांबवरचा डबा.

मुंगीने रोबो बराच मागे घेतला. तिसरा चेंडू सरळ डब्यात. चौथा काठावर आपटला, काठावरून फिरला, आत पडला. पाचव्याला तिने इतका वेळ लावला, की संस्थेच्या एका माणसाने खोकून दाखवलं. ती थांबलीच. तिने दोन्ही तळवे स्कर्टला पुसले, रोबो अंगठ्याएवढा पुढे घेतला आणि सोडला. चेंडू पडल्याचा आवाजच आला नाही. स्पंजचा चेंडू दोन चेंडूंवर पडला होता.

शिपाईमामांनी डब्यात वाकून बघितलं आणि तीन बोटं वर केली.

"ठीक आहे. तीच बसू दे," मुख्याध्यापक म्हणाले, आणि साडूला काय सांगायचं याच्या विचारात जिन्याकडे गेले. जाता जाता वळून म्हणाले, "बोधचिन्ह वर घ्या. जरा लहान चालेल."

खोली रिकामी झाली. बाई स्टुलावर टेकल्या. मुंगी भिंतीपाशी पडलेले चेंडू गोळा करत होती. खुर्ची पक्की झाली तरी सवय जाते कुठे.

"मला आधी सांगायचंस ना गं बोल्टचं," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे रोज ती फुली हलवतेय मी."

"सांगणार होते बाई," मुंगी म्हणाली. "पण तुम्ही इतक्या मन लावून हलवायचात, मला वाटलं तुम्हाला आवडतं ते."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आली ती जांभई. मुंगी चेंडू छातीशी धरून ती पूर्ण होईपर्यंत थांबली.