प्रयोग कोण करणार

ग्विलिम सरांनी जोखमीचा कागद पाठवला आणि माझं डोकंच फिरलं. गेल्या वर्षीचाच कागद, नुसती तारीख बदललेली. जागा म्हणून बारा नंबरची प्रयोगशाळा लिहिलेली, आणि बारा नंबरात आता मुलं दुपारचं जेवतात. मदतनीस म्हणून ज्याचं नाव होतं तो पोरगा नोकरी सोडून कधीच कार्डिफला गेलाय. आमच्याकडे सगळेच असं करतात म्हणा. फाईलमधला जुना कागद काढायचा, तारीख बदलायची, की झालं. काय बिघडू शकतं, कुणाला लागू शकतं, त्यासाठी काय करणार, हे दर प्रयोगाआधी नव्यानं विचार करून लिहायचं असतं, पण विचार करतंय कोण! विज्ञान विभागाची प्रमुख मी, सही माझी, आणि काही उडालं की मान माझीच धरणार.

मी तशीच तरातरा त्यांच्या वर्गात गेले.

"सर, हे काय आहे?"

"कागद आहे, नेस्टा. तूच मागितलास."

"बारा नंबरात प्रयोग करणार? बटाट्यांसमोर?"

"बटाटे निदान मध्ये मध्ये बोलणार तरी नाहीत."

मी त्यांची साहेब झाले तरी त्यांना सरच म्हणते. याच शाळेत मी त्यांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकले. नावानं हाक मार, असं त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. जीभच वळत नाही.

प्रयोग त्यांचा ठरलेला, यंदा गुरुवारी. शाळा बघायच्या संध्याकाळी प्राथमिकची मुलं आईबापांना घेऊन येतात, आणि सर खायची जेलीची गोळी, बोटाच्या पेराएवढी, बाळासारखी दिसणारी, वितळलेल्या पोटॅशियम क्लोरेटमध्ये टाकतात. गोळी किंचाळत पेटते, जांभळी ज्योत उठते, पोरं वेडी होतात. आधी मतदान असतं: कुठल्या रंगाचं बाळ जाळायचं? हिरवं बिचारं दरवर्षी पडतं. त्या एका किंकाळीवर आम्हाला पुढच्या वर्षीची निम्मी मुलं मिळतात, असं मुख्याध्यापिका बाईंचं मत आहे.

"नवीन लिहून द्या," मी म्हटलं. "आणि आज शाळा सुटल्यावर रंगीत तालीम. रिकाम्या परीक्षानळीत."

"इतकी वर्षं करतोय मी हे."

"म्हणूनच म्हणते."

खरं कारण कागद नव्हता, तालीमही नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीपासून सर चहाचा कप अर्धाच भरून घ्यायचे आणि टेबलावर ठेवूनच प्यायचे. फळ्यावरचं अक्षर बारीक झालं होतं, वाकडं झालं होतं. मला दिसत होतं, आमच्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या डेलिथला दिसत होतं, अख्ख्या शिक्षकांच्या खोलीला दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं. आमच्या गावात समोर माणूस पडला तरी आधी हवेबद्दल बोलतात.

शाळा सुटल्यावर डेलिथनं रिकामी नळी स्टँडमध्ये घट्ट बसवली, पुढे संरक्षक काच उभी केली, लांब चिमटा ठेवला आणि गोळ्यांची पिशवी आणली. पिशवी अर्धी होती.

"बाकीच्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

"तपासून बघाव्या लागतात गं," ती चघळत म्हणाली.

सरांनी गॉगल चढवला, चिमट्यात लाल गोळी धरली आणि नळीवर नेली. चिमटा नळीच्या काठावर टकटक वाजायला लागला. गोळी काठाला आपटून टेबलावर पडली. दुसरी बाहेरच चिकटली. तिसऱ्या वेळी चिमटाच नळीला असा लागला, की अख्खा स्टँड हलला. आत वितळलेलं क्लोरेट असतं तर? पुढच्या बाकावर सात-सात, आठ-आठ वर्षांची धाकटी भावंडं बसतात, आईबापांच्या मांडीवर.

"अरे, आज बाळंच वांड आहेत," डेलिथ म्हणाली. तिचा आवाज काही हसरा नव्हता.

"कॉफी जास्त झाली," सर म्हणाले.

"सर, असं करू या. बोलायचं तुम्ही, मतदान तुम्ही घ्यायचं, गोळी मी टाकते."

"मी काय स्टेशनवर गाडीची वेळ सांगणारा आहे? सही करायची तर कर, नाहीतर नको करूस. पण गोड गोड बोलू नकोस माझ्याशी. ते तुला मी शिकवलेलं नाही."

गॉगल टेबलावर टाकून ते निघून गेले. डेलिथ नळीला चिकटलेली जेली खरवडत बसली.

मी माझ्या खोलीत जाऊन फाईलमधून कागद काढला. "प्रयोग कोण करणार" या चौकटीत सगळे नुसतं आपलं नाव लिहितात. पण ती चौकट नावासाठी नसतेच. माणूस नवखा आहे का, आजारी आहे का, डोळ्यांना कमी दिसतं का, हे तिथं यायला हवं. तिथं खरं लिहिलं की कागद मुख्याध्यापिकांकडे जाणार. मग डॉक्टर, मग चौकशी, आणि सरांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. वर्ग सोडून तो माणूस करील काय? आणि नाही लिहिलं, तर काचेपलीकडे ती पोरं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. शेवटी लिहिलं:

"प्रयोग करणाऱ्याचा उजवा हात थरथरतो. वितळलेलं क्लोरेट त्याने हाताळू नये. गोळी दुसऱ्याने टाकावी."

वरती पाठवण्याआधी त्यांनाच दाखवायचं ठरवलं. पाठीमागून पाठवायला मला लाज वाटली असती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला. वाचायला फार वेळ घेतला. आता कडाडतील, म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दिसतंय की."

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मैदानात पोरांचा गोंगाट चालला होता.

"मेन्ना रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावून देते," ते म्हणाले. मेन्ना म्हणजे त्यांची बायको. "तेवढा वेळ आम्ही रेडिओ ऐकतो. तीही काही बोलत नाही, मीही नाही. डॉक्टरकडे जा, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडलोच असतो म्हणा."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे चूक आहे."

"सर, ही ओळ मी काढणार नाही. तुम्ही पाया पडलात तरी नाही."

"काढ म्हणतोय का मी? अपुरी आहे ती. वर्गात असं उत्तर दिलं असतंस तर अर्धेच गुण दिले असते." त्यांनी डावा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. बोटं आपली आपण हलत होती. तो हात ते इतके दिवस खिशात का घालून फिरायचे, ते मला तेव्हा कळलं. "दोन्ही हात लिही."

मी उजवा खोडून दोन्ही लिहिलं. माझंच अक्षर वाकडं आलं.

"गोळी तू टाक गुरुवारी," ते म्हणाले. "मतदान मी घेतो. आणि हिरव्याला निवडून आणतो की नाही बघ."

मी हसले. कागद ठेवून फाईल बंद करायला गेले तर त्यांनी मला थांबवलं.

"बंद काय करतेस? नववीच्या आम्लाच्या पाठाचा कागद काढ. उद्या पहिला तास आहे, आणि तोही मीच घेणार आहे ना? मग दहावीचा बर्नरचा, मग उकळत्या पाण्याचा. सगळे काढ."

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मी नववीचा कागद काढला. "प्रयोग कोण करणार" समोर त्यांचं नाव होतं, नुसतं नाव.

"हं," सर म्हणाले, "लिही."