एका दाताचं भूत

टण्णकन कात्री फरशीवर पडली आणि दुपारची शांतता मोडली. पलंगावर झोपलेली चिमणी नुसती कुशीवर वळली. तिच्या आईनं हुश्श केलं आणि चौकटींच्या कागदावर पुन्हा पेन्सिल टेकवली. लेकीसाठी ती क्रॉस स्टिचचा अक्षरतक्ता आखत होती, तोही भुताखेतांचा. एक फुली म्हणजे कापडावर एक टाका. ‘ह’ची हडळ, ‘घ’चं घुबड झकास जमलं होतं. चौकटी मोजताना चूक झाल्यामुळे ‘भ’च्या भुताला मात्र एकच दात बसला होता.

“भिंतीवर भुतं टांगणार?” सासूबाई दारातून म्हणाल्या. “आजोबा गेल्यापासून पोर त्यांच्या खोलीकडे फिरकत नाही, त्यात ही भर!”

“म्हणून तर त्याच खोलीत टांगणार आहे, आई. भीतीचं तोंड दिसलं की तिला वेडावून दाखवता येतं.”

“तुझं डोकं ठिकाणावर नाही.”

“नसू दे. हात आहेत ना!”

या बोलण्यानं चिमणी जागी झाली. भूत बघून खुदकन हसली. “अय्या, आजोबांसारखं बोळकं!” म्हणत कागद ओढून थेट आजोबांच्या खोलीत पळाली. सासूबाई बघतच राहिल्या.

आता सासूबाईंना द्यायला सुनेकडे उत्तरं पुष्कळ होती. पण तेवढ्यात आतून चिमणीनं विचारलं,

“आई, आजोबा भूत झाले असतील, तर मला भेटायला का येत नाहीत?”