पात्याचा दोष

"पोलादात दम उरला नाही आता," एवाल्ट न्हाणीघरातल्या आरशाकडे बघत पुटपुटला. दाराशी टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या बिर्गिटला, त्याच्या मुलीला, ते ऐकू आलं. बहुधा तिला ऐकू यावं म्हणूनच तो बोलला होता.

त्याच्या गालांवर ठिकठिकाणी वर्तमानपत्राचे चिटोरे चिकटले होते, कापलेल्या जागी. हातात वस्तरा होता, शिंगाच्या मुठीचा, एवाल्टच्या आजोबांनी स्वतः घासून केलेला. सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजलेल्या झोलिंगेनमध्ये असा वस्तरा पुष्कळ घरांत सापडेल, पण बहुतेकांचा कपाटात. यांचा रोज गालावर फिरायचा. आज तो बेसिनवर आपटला आणि धारेचा टवका उडाला.

"निसटला," एवाल्ट म्हणाला. "मुठीचा खिळा सैल झालाय. धारही गेलीय. बघ जरा."

"बघते, बाबा."

खिळा घट्ट होता. तिनं तेव्हाच चाचपून बघितला आणि वस्तरा मिटला.

गेलं वर्षभर या घरात सगळा दोष वस्तऱ्याचा होता. वस्तऱ्याचा नसला की साबणाचा, नाहीतर दिव्याचा. तिच्या आईनं, लोरेनं, दिवाही बदलून घेतला होता. नाताळात आलेलं विजेचं दाढीचं मशीन खोक्यातच होतं. एवाल्टनं त्या खोक्यावर रेडिओ ठेवला होता. कॉफीचा कप मात्र तो आता दोन्ही हातांनी धरायचा, आणि तेव्हा बाकी सगळ्यांना खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसायचं.

बिर्गिट सुऱ्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायची. वस्तरा घेऊन ती घरामागच्या शेडमध्ये गेली. तिथं एवाल्टनं जन्मभर पाती घासली होती. तिनं भिंगातून टवका बघितला. तडा वर चढला असेल तर वस्तरा संपलाच. आणि खरं सांगायचं तर, संपला असता तर बरंच झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मेलेल्या वस्तऱ्यावर खापर फोडता येतं. तो दुरुस्त झाला तर उद्यापासून दोष कुणाचा?

तडा नव्हता, नुसता टवका होता. तिला हायसं वाटलं आणि पाठोपाठ भीतीही.

पण काम वाईट कसं करायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं टवका जाईपर्यंत धार उतरवली. पिवळ्या दगडावर पाणी घालून पातं सपाट धरून फिरवलं, मग चामड्याच्या पट्ट्यावर ओढलं. गंज काढला, पण पणजोबांच्या सहाणेच्या चाकाच्या बारीक रेषा तेवढ्या राहू दिल्या.

शनिवारी सकाळी एवाल्टनं वस्तरा उघडला, अंगठ्याच्या नखानं पातं छेडलं आणि कानाशी धरलं. पातळ घासलेलं पातं बारीक आवाजात गायलं.

"अस्सं!" तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम तरुण दिसला.

त्यानं साबण फासला, हात वर नेला. पात्याचं टोक गालापासून बोटभर अंतरावर थरथरत राहिलं. स्वयंपाकघरात बटाट्याचे घावन तव्यावर चरचरत होते. लोरेनं गॅस बंद केला.

"दिवा पुन्हा मंद झालाय वाटतं," तिकडूनच ती म्हणाली.

"बाहेर लख्ख ऊन आहे, लोरे."

हात पुन्हा वर गेला, पुन्हा अडला. बिर्गिटला राहवेना.

"बाबा, माझंच चुकलं. धार नीट बसली नाहीये. द्या, परत लावते."

एवाल्ट गर्रकन वळला. "काय म्हणालीस?"

"धार जरा..."

"या धारेला नावं ठेवतेस? माझ्यासमोर?" फेसाच्या वर त्याचे कान लाल झाले. "स्वतःच्या चांगल्या कामाला? कारखान्यात हेच शिकवतात का गं?"

"तसं नाही बाबा, पण..."

"धार उत्तम आहे. खिळा घट्ट आहे. आणि दिव्यालाही काही झालेलं नाही, ऐकतेस ना लोरे?"

"ऐकतेय," स्वयंपाकघरातून आवाज आला. रडका होता की हसरा, कळेना.

त्यानं वस्तरा मिटला, बिर्गिटच्या तळहातावर ठेवला आणि स्टुलावर बसला, डोंगर चढून आलेला माणूस बसतो तसा, सगळं अंग सैल सोडून. मग हनुवटी वर केली.

"माझे हात थरथरतात, बिर्गिट. कर आता दाढी, साबण वाळायच्या आत."