गोड अश्रूंची शेवंती

मावशीच्या गॅलरीत माणसं मावेनात, म्हणून रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आली होती. शनिवारची अर्धी शाळा आटोपून मी वर चढायला लागले, तर एका बाईंनी मला पहिल्याच पायरीवर अडवलं.

"ओ, मध्ये घुसू नका. आम्ही केव्हाच्या उभ्या आहोत."

"अहो, माझ्या मावशीचं घर आहे हे!"

"आता ती सगळ्यांचीच मावशी," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून वाट अडवून उभ्या राहिल्या. शेवटी मी कठड्याला अंग घासत, कुणाकुणाच्या शिव्या खात वर पोचले.

वर चमत्कार चालू होता. मावशीचे यजमान, म्हणजे मागच्या वर्षी गेलेले काका, त्यांनी लावलेली शेवंतीची कुंडी स्टुलावर मांडलेली. पानांवर बारीक थेंब चमकत होते. लोक बोटाने एकेक थेंब टिपत आणि जिभेला लावून डोळे मिटत. "गोड! अगदी साखर!" बाजूला कडक इस्त्रीचा सदरा घातलेले महाराज उभे होते. झाडं रडवणं हाच त्यांचा धंदा असल्यामुळे मी मनातल्या मनात त्यांचं नाव रडेबाबा ठेवलं.

"पाहा, पाहा! मागच्या वर्षी गेलेला जीव गहिवरलाय!" रडेबाबा आळवत होते. "ही पानांवरची काळी छटा पाहिलीत? रडताना काजळ ओघळतं, ते हे."

"काकांनी जन्मात काजळ घातलं नव्हतं," मी म्हटलं.

"आत्म्याला बाई-पुरुष असा भेद नसतो, ताई."

माणूस तयारीचा होता. खालची पानं पिवळी पडली होती, त्यावरही त्याच्याकडे उत्तर होतं. झाड तहानलंय म्हणे. त्यामुळे येणारा प्रत्येक जण श्रद्धेने एक पेला पाणी ओतत होता, कुंडीत चिखल झाला होता आणि बिचारी शेवंती मुळं कुजून आणखी पिवळी पडत होती. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मी पान उलटायला हात पुढे केला, तोच रडेबाबा ओरडले, "पानाची पाठ पाहायची नाही! पलीकडे परलोक आहे!" चारजणींनी माझा हात धरला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आतल्या खोलीत मावशी खुर्चीत मान मागे टाकून बसली होती आणि ड्रॉपरने तोच चिकट ऐवज स्वतःच्या डोळ्यांत सोडत होती. तिला काचबिंदू आहे. तिचं खरं औषध फळीवर धूळ खात पडलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, डोळे जातील तुझे!"

"महाराज म्हणाले, औषध बंद. यांचे अश्रूच औषध." ती शांतपणे म्हणाली. "जिवंतपणी यांनी डोळ्यांत कधी पाणी आणलं नाही गं. आता माझ्यासाठी रडतायत, आणि मी ते सोडून दुकानातली बाटली घालू?"

तिच्यावर ओरडल्याची मला लाज वाटली. मी एवढंच विचारलं, "हे रडणं सुरू कसं झालं?"

"महाराजांनी दुसऱ्या घरच्या रडणाऱ्या झाडाची फांदी आणून आपल्या कुंडीत खोचली. निरोपाची फांदी म्हणतात तिला. मग झाड रडायला लागलं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बाहेर गेले, चेहरा शक्य तितका पडेल केला आणि आजोबांसाठी एक निरोपाची फांदी मागितली. एक शिक्षिका गळाला लागली म्हणून रडेबाबा भलतेच खुलले. पिशवीतून फांदी काढून त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी कुंडी घेऊन हजर झाले. पानं थेंबांनी नुसती चमकत होती. लोक तुटून पडले. "गोड! हिचे तर जास्तच गोड!"

रडेबाबांनी छातीवर हात ठेवला. "फार व्याकूळ जीव आहे हा! नातीसाठी तळमळतोय!"

"तळमळेल कसा?" मी फूल देठासकट उपटून वर धरलं. देठाला तार होती. "प्लास्टिकचं आहे. आमच्या शिक्षकखोलीतलं. रात्रभर तुमची फांदी पाण्याच्या बाटलीत घालून याच्या डोक्यावर बांधली, एवढंच."

मी पर्समधून कालची निरोपाची फांदी आणि शाळेतलं भिंग काढलं, पान उलटलं आणि भिंग सर्वांपुढे धरलं. पानाच्या पाठीवर हिरव्या किड्यांची दाटी होती.

"हा मावा. झाडाचा रस शोषतो आणि जास्तीचं गोड पाणी मागच्या बाजूने बाहेर टाकतो. त्यावर काळी बुरशी धरते, तेच तुमचं काजळ. हे महाराज एका घरचा मावा फांदीवरून दुसऱ्या घरी पोचवतात."

जिन्यातल्या बाई पुढे आल्या. "मागच्या बाजूने म्हणजे... आम्ही जे चाटलं ते..."

"हो," मी म्हटलं.

मोरीपाशी जी झुंबड उडाली, तशी झुंबड दर्शनालाही उडाली नव्हती.

"हे जीव परलोकाचे दूत आहेत!" रडेबाबा अजून नेट लावून होते.

"मग एक थेंब चाखा. कालपासून पाहतेय, तुम्ही एकदाही चाखला नाहीत."

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. त्यांनी थेंबाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि दुसऱ्या घरी वेळ दिल्याचं त्यांना एकदम आठवलं. जाताना पिशवी राहिली. तिच्यात निरोपाच्या फांद्या होत्या, माव्याने लडबडलेल्या.

घर रिकामं झाल्यावर मावशी म्हणाली, "म्हणजे ते रडत नव्हते."

"नाही गं." मला फार वाईट वाटलं. तिच्याकडून मी काहीतरी हिरावून घेतलं होतं.

तिने प्लास्टिकचं फूल हातात घेतलं आणि म्हणाली, "रडणारा माणूस नव्हताच तो. पण माझा हात थरथरतो ना, म्हणून रोज झोपताना माझ्या डोळ्यांत औषध मात्र तेच घालायचे. एक दिवस चुकले नाहीत." तिने डोळे पुसले. "नवी बाटली आण. आणि तू घाल."

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने राखायची. शेवंतीला आम्ही नळाखाली धुतलं, साबणाचं पाणी फवारलं, कुजकी मुळं छाटून तिला कोरड्या मातीत उन्हाला ठेवलं. आता माती सुकली तरच तिला पाणी मिळतं. नवे धुमारे आलेत, आणि मावशीला ते अजून दिसतात.

तुमच्याकडे एखादं झाड रडायला लागलं, तर कुणाला बोलावण्याआधी पान उलटून बघा. पाहू नका असं कुणी बजावलं, तर आधी तिथेच पाहा. आणि डोळ्यांत डॉक्टरांनी दिलेलं औषधच घाला. तुम्हाला जीव लावणाऱ्या माणसानेही तेच केलं असतं.