सोमवारचा काटा

"एकसष्ट किलो दोनशे! गेल्या सोमवारपेक्षा नऊशे ग्रॅम खाली. शाब्बास!"

खेळाच्या सरांचा आवाज व्हरांडाभर घुमला आणि रांगेत हशा पिकला. काट्यावरून उतरलेली नववीची मुलगी बूट हातातच घेऊन वर्गात आली.

"सरका रे, गोणी आली," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

गणिताच्या बाईंनी मागच्या बाकाकडे नुसतं पाहिलं. मग त्यांनी चाचणीचे कागद वाटायला घेतले.

दर सोमवारी पहिल्या तासाला वजन आणि दुसऱ्या तासाला गणिताची चाचणी. वजनाची कल्पना मोठ्या सरांची. जाड मुलं अभ्यासात मागे पडतात, असं ते कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आले होते. या वर्षापासून प्रगतिपुस्तकात गुणांच्या शेजारी किलोचा रकाना आला होता. चाचणी सोमवारी असावी, हा मात्र बाईंचाच आग्रह. रविवारी मुलांनी जरा पुस्तक उघडावं म्हणून.

या मुलीला गणित म्हणजे खेळ. एक रीत शिकवली की ती दुसरी शोधायची आणि वर बाईंशी भांडायची. पण या सत्रात तिला वीसपैकी अठरा, मग चौदा, मग अकरा, मग नऊ असे गुण पडले होते. येत्या सोमवारी पंधरापेक्षा कमी गुण पडले, की शिष्यवृत्तीच्या वर्गाचं दार बंद. त्या वर्गाच्या तासाला मग मोठे सर तिला वजनासाठी मैदानाला फेऱ्या मारायला लावणार होते.

शुक्रवारी बाई गृहपाठाच्या वह्या तपासत होत्या. तिच्या वहीत एक चूक सापडेना. त्यांनी कपाटातून सोमवारचे कागद काढले. शेवटच्या कागदावर पहिली तीन उदाहरणं स्वच्छ. चौथ्यात आकडे ओळ सोडून खाली घसरलेले. पाचव्यात एकच ओळ दोनदा लिहिलेली. पुढे कोरं. आधीच्या दोन कागदांवरही थोड्याफार फरकाने तेच. गणित न येणाऱ्याचा कागद असा नसतो, हे बाईंना तीस वर्षांत कळलं होतं.

त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"सोमवारी काय होतं गं तुला?"

"काही नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

मुलगी वहीचा कोपरा दुमडत राहिली. "शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर काही खात नाही मी. सोमवारी काटा असतो ना."

"रविवारी पूर्ण उपाशी? आणि आई?"

"ती रविवारी लाँड्रीत कामाला असते. तिला वाटतं मी जेवले."

"पाणी तरी पितेस ना?"

"सकाळी नाही. एक बाटली म्हणजे अर्धा किलो, बाई. तिसऱ्या उदाहरणापर्यंत ठीक असतं. मग आकडे हलायला लागतात."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्हीच तर म्हणालात मागच्या आठवड्यात," मुलगी हळूच म्हणाली, "छान उतरलीस म्हणून."

म्हणाल्या होत्या. जिना चढताना, सहज, कौतुकाने. ते आठवून बाईंच्या कानशिलांत जाळ झाला. त्या तशाच मोठ्या सरांच्या खोलीत शिरल्या आणि वही नि कागद टेबलावर आपटले.

"पोर दीड दिवस उपाशी राहून तुमच्या काट्यावर उभी राहते. मग माझा पेपर लिहिते!"

सरांनी शांतपणे तक्ता काढला. "बाई, वजन उतरतंय. म्हणजे उपक्रमाचा उपयोग होतोय."

"आणि गुण?"

"तो आळस. शरीर जड असलं की बुद्धीही..."

"तिचं वजन उतरलं तसे गुण उतरलेत! तुमच्याच तक्त्यात आहे, वाचा की! तुम्हाला दीड दिवस उपाशी ठेवून सतराचा पाढा विचारते, चालेल?"

"आवाज खाली ठेवा. पालकांना कळवलंय, वजन बंद होणार नाही. चाचणी हवी तर तुम्ही हलवा."

"चाचणी हलवली तर भूक हलेल का, सर?"

सरांनी तक्ता परत खणात ठेवला.

सोमवारी घंटा व्हायच्या आत बाई काट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"नववीचं कुणी चढणार नाही."

"बाई, मला वर जाब द्यावा लागतो," खेळाचे सर कुरकुरले. "लेखी द्या."

बाईंनी त्यांच्या हातची यादी घेतली. छत्तीस नावांपुढे 'वजन घेऊ दिले नाही' असं लिहिलं आणि प्रत्येक ओळीला सही केली. शेवटच्या सहीला कागद फाटला.

"नोकरीवर येईल हो."

"येऊ दे."

वर्गात त्यांनी मुलांना डबे उघडायला लावले. मुलगी डबा मांडीवर धरून बसून राहिली.

"पुढच्या सोमवारी, बाई?"

"मी तिथेच उभी असेन."

"आणि तुम्हाला काढलं तर?"

बाईंना खोटं बोलता येईना. "तर तू स्वतः नाही म्हणायचंस. मोठ्याने. पण आत्ता खा."

मुलीने डबा बाकावर ठेवला. मग झाकण काढलं. पहिला घास तिला गिळवेना, दुसरा गेला, आणि नंतर ती कुणाकडे न बघता भराभर खात सुटली.

"गोणी भरते बघ," मागून खसखस पिकली.

ती तोंडात घास घेऊनच वळली. "गोणीच आहे! तुला किती आले रे मागच्या वेळी? सहा ना? मग गप बस!"

वर्ग चाट पडला. बाई कागद वाटायला उठल्या.

"थांबा ना, बाई," ती म्हणाली. "अजून अर्धा डबा आहे."

बाई कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन खाली बसल्या.