अरुणाताईंसाठी बघितलेलं घर

अरुणाताईंचं पत्र आलं तेव्हा सत्यभामा पिसाळ भाकरी थापत होती. पिठाच्या हातानेच तिने ते फोडलं, निम्मं वाचलं आणि तव्यावरची भाकरी करपली. धनाजीने विचारलं, "कुणाचं गं?" ती म्हणाली, "देवाचं," आणि हसली. नवऱ्याला ते हसणं काही बरं वाटलं नाही, पण ड्युटीची वेळ झालेली. करपलेली भाकरी मुकाट्याने खाऊन तो निघून गेला.

पत्र अगदी गोड होतं. त्यांचे यजमान, नायब सुभेदार उदयसिंह घोरपडे, यांची बदली उरणला झाली होती, जूनच्या पहिल्या आठवड्यात ते बिऱ्हाडासह येणार होते. 'सत्यभामा, तू तिथं आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. सोनल यंदा पहिलीत जाईल. शाळा जवळ हवी, पाणी गोड हवं, शेजार बायकापोरांचा हवा, ट्रकची वर्दळ नको. तू बघशील ते घर मला डोळे मिटून पसंत.'

ते शेवटचं वाक्य सत्यभामाने तीनदा वाचलं. मग पत्राची घडी घातली आणि डब्यांच्या फळीवर ठेवली, दिसेल अशी.

हे सगळे डी.एस.सी.चे, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे लोक. फौजेत पंधरा-सतरा वर्षं काढायची, पेन्शन घ्यायची आणि पुन्हा वर्दी चढवून कुठल्या तरी डेपोवर पहारा द्यायचा, अशी ही दुसरी नोकरी. साताऱ्याकडची निम्मी गावं तीच करतात. सरकारी क्वार्टर मोजकेच, त्यांची यादी मारुतीच्या शेपटीएवढी लांब. म्हणून बायकांनी आपापसात एक रीत पाडून घेतलेली. नवं बिऱ्हाड यायचं असलं की आधीपासून तिथं राहणाऱ्या बाईने त्यांच्यासाठी घर बघायचं, वस्ती कशी आहे ते पत्रातून कळवायचं, आणि आलेल्यांना पहिलं जेवण आपल्या घरी वाढायचं. माणसं त्या एका पत्राच्या भरवशावर ट्रंका बांधून निघत. आधी येऊन बघायला ना रजा, ना सवड. आणि घर बघून दिलेल्या बाईच्या शब्दावर शंका घ्यायची नाही, हेही त्या रीतीतच होतं. शंका घेतली असती तर सत्यभामाच्या लेकीचा, मोनालीचा कान आज शाबूत असता.

पाच वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, पिसाळांची बदली दूर विदर्भातल्या एका डेपोवर झाली. तिथे घर बघून द्यायला होत्या अरुणाताई. काय पत्र लिहिलं होतं बाईने. 'वस्ती एकदम शांत, समोर मोकळी जागा, पोरांना खेळायला हवं तेवढं अंगण, पाण्याला तोटा नाही.' पहिल्या जेवणाला पुरणपोळी वाढली, आग्रह कर-करून. आणि मग नेऊन टाकलं ते नाल्याकाठच्या खोलीत. शांत होती, कारण दुसरं कुणी तिथे राहायला तयार नव्हतं. समोरच्या मोकळ्या जागेत डुकरं लोळत होती. पाण्याला तोटा नव्हता, ते उंबऱ्यापर्यंत येत होतं.

सहा वर्षांच्या मोनालीला श्रावणात ताप भरला. डॉक्टर म्हणाले, डासांमुळे आहे, मेंदूत गेलाय. अठरा दिवस पोर दवाखान्यात होती. जगली, हे नशीब. पण डावा कान कायमचा गेला.

तरीही सत्यभामाने अरुणाताईंना बोल लावला नव्हता. परक्या गावात बाईला कळलं नसेल, तिलाही कुणी फसवलं असेल, असं स्वतःला समजावत राहिली. उलट तापात डबा आणून दिला म्हणून उपकार मानत होती. खरं कळलं ते तिथून निघायच्या दिवशी, सामान ट्रकवर चढल्यावर. शाळेशेजारच्या चाळीची मालकीणबाई निरोप द्यायला आली आणि सहज बोलून गेली, "तुमच्यासाठीच ठेवली होती बघा मी खोली. पण अरुणाताई म्हणाल्या, तुम्हाला शाळेचा गोंगाट नको. मग त्यांच्या बहिणीला दिली."

बहिणीला. तिची दोन पोरं त्या खोलीत गुटगुटीत झाली होती. सत्यभामा त्या दिवशी ट्रकमध्ये पंधरा तास तो एकच शब्द घोळवत बसली. तेव्हापासून ती वाट बघत होती, आणि फौजेत वाट बघणाऱ्याला एक सोय असते. बदल्या होत राहतात, माणसं फिरून समोर येतात.

आता आली होती.

उरणजवळच्या ज्या गावात पिसाळ राहत होते, तिथली मालकीण सुमित्राबाई मोठी मायाळू. तिची शेती बंदरासाठी गेली, आलेल्या पैशात तिने पाच खोल्यांची ओळ बांधली. दारात आंबा, हाकेवर शाळा, सगळी ओळ बायकापोरांनी भरलेली. आणि नेमकी पिसाळांच्या भिंतीला लागून असलेली खोली मेच्या मध्यात रिकामी झाली. सुमित्राबाई स्वतःहून म्हणाली, "बाय, तुमचे लोकांचा कोन येनार हाय ना? माजी खोली हाय. पानी हाय, शाला हाय. दुसऱ्या कोनाला नाय देत मी."

"नका ठेवू," सत्यभामा म्हणाली. "ते येणारे लोक दुसरीकडं राहणार हायत. त्यांना गोंगाट सोसत न्हाय."

हे बोलताना तिला इतकं बरं वाटलं, की दुपारभर ती गुणगुणत होती.

मग ती घर बघायला निघाली. लोक चांगली जागा शोधायला वणवण करतात, हिने वाईट जागेसाठी चपला झिजवल्या. चार दिवस द्रोणागिरीच्या बाजूला फिरली. खाडीत भराव टाकून सेक्टर पाडले होते, नंबर दिले होते, घरं मात्र अजून तुरळक. एका बिल्डरने सहा खोल्या उभ्या करून हात झटकले होते. समोरून न्हावा शेव्याचे कंटेनरवाले ट्रेलर चोवीस तास धडधडत. मागे दलदल, गुडघाभर गवत, त्यात हिरवं साचलेलं पाणी. टँकर एक दिवसाआड. शाळा तीन किलोमीटरवर, तीही त्याच ट्रेलरच्या रस्त्याने. शेजारी दोन खोल्यांत ड्रायव्हर राहत, बाकीच्या तीन रिकाम्या.

सत्यभामा संध्याकाळी मुद्दाम अर्धा तास थांबली. पायाला डास चावून गांधी उठल्या. त्या खाजवत ती खुशीत म्हणाली, "हीच."

घरी येऊन तिने ट्रंक उघडली. बदलीच्या कागदांत अरुणाताईंचं ब्याण्णवचं पत्र जपून ठेवलेलं होतं. ते पुढ्यात ठेवून तिने नवं पत्र लिहिलं, शब्दाला शब्द. वस्ती एकदम शांत, समोर मोकळी जागा, पोरांना खेळायला हवं तेवढं अंगण, पाण्याला तोटा नाही. एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तिला अरुणाताईंना फसवायचं नव्हतंच मुळी. पत्र उघडताच बाईला आपलेच शब्द आठवावेत, पुढे काय वाढून ठेवलंय ते कळावं, आणि तरी हुकूम आहे म्हणून यावंच लागावं, एवढीच तिची इच्छा.

धनाजीला तिने यातलं काही सांगितलं नाही. त्याने एकदा विचारलं, "साहेबांचं घर नीट बघितलंस न्हवं? सीनियर माणूस हाय."

"त्यांनी आपलं बघितलं होतं, तस्संच बघितलंय," ती म्हणाली.

पाच जूनला सकाळी घोरपडे आले. टेम्पो सामानासह दारात उभा राहिला. उदयसिंह लगेच धनाजीबरोबर हजेरी लावायला डेपोवर गेले. अरुणाताई थोड्या सुटल्या होत्या, केस पिकू लागले होते, पण हसणं तेच. सोनल त्यांच्या पदराला धरून होती. उशिरा झालेली, नवसाची, दोन वेण्या आणि पुढचे दात पडलेले.

सत्यभामाने पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. तूप हात सैल सोडून. आणि वाढता वाढता डोळ्यांत बघून विचारलं, "पत्र पोचलं होतं ना?"

"पोचलं तर. किती छान लिहितेस गं," अरुणाताई म्हणाल्या. "ह्यांना दोनदा वाचून दाखवलं मी."

"वाचताना काय आठवलं न्हाय?"

"काय आठवायचं?" त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "आणि ही मोनाली ना? केवढी मोठी झाली. तिकडे असताना आजारी असायची, हो की नाही? काय झालं होतं बाई हिला, कावीळ?"

सत्यभामाने तुपाची वाटी खाली ठेवली. इतकी वर्षं तिने या बाईला मनात धरून ठेवलं होतं, उठता-बसता, दळता-कांडता. आणि बाईला आजाराचं नावसुद्धा आठवत नव्हतं. स्वतः लिहिलेलं पत्र दोनदा वाचून तिला ते छान वाटलं होतं. एवढा संताप तिला त्या ट्रकमध्येही आला नव्हता.

"चला," ती म्हणाली. "घर दाखवते."

रिक्षाने चौघी द्रोणागिरीला गेल्या. टेम्पोवाल्याला दारातच चहा देऊन थांबवलं होतं. खोलीसमोर उतरल्यावर अरुणाताई आधी हसल्या, वाट चुकली असं समजून. मग सत्यभामाने कुलूप काढलं. बाईने आत डोकावलं, मागच्या खिडकीतून दलदल बघितली, एक ट्रेलर गेला तशी भिंत थरथरली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. सत्यभामा ते बघत उभी होती. हेच बघायला तर ती इतकी वर्षं थांबली होती.

"भामा, अगं इथं मी लहान पोर घेऊन कशी राहू?"

तेवढ्यात मागून मोनालीचा आवाज आला. सोनल हिरव्या पाण्याकाठी उकिडवी बसून काडीने बेडूकमासे हलवत होती, आणि मोनालीने धावत जाऊन तिचा दंड धरला होता. "ए, ऊठ. हितं मच्छर असतात. ताप येतो, मग लई सुया टोचतात." तिने सोनलच्या पायावर बसलेला डास चापट मारून मारला आणि तिला ओढत रिक्षात नेऊन बसवलं.

सत्यभामाला कुणी तरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपली पोर हे डबकं ओळखते. आणि हे डबकं आपण शोधून काढलं, चार दिवस फिरून, गाणं गुणगुणत. अरुणाताईंनी निदान आपल्या बहिणीच्या लोभाने केलं होतं. आपण तर दुसऱ्याच्या सहा वर्षांच्या पोरीला जाणूनबुजून ताप आणायला निघालो होतो. तिला स्वतःची किळस आली, आणि त्या किळसेने राग कमी झाला म्हणाल तर तसूभरही नाही. उलट या बाईपायी आपण इथवर घसरलो, याचीही भर पडली.

"कावीळ न्हवती," ती म्हणाली. "मेंदूत ताप गेला होता. तुम्ही दिलेल्या खोलीत. शाळेजवळची तुमच्या बहिणीला दिलीत आणि मालकिणीला सांगितलंत, आम्हाला गोंगाट नको. ते पत्र तुमचंच हाय. एक अक्षर माझं न्हाय त्यात."

अरुणाताईंनी पुन्हा मागच्या खिडकीकडे बघितलं. आठवलेलं स्पष्ट दिसत होतं. त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या, त्या घाणीतच. "माझं चुकलं गं. बहिणीची पोरं लहान होती. मला काय माहीत असं होईल. मला माफ कर."

"न्हाय करणार," सत्यभामा म्हणाली. "माफ केलं तर तुम्ही सुटाल. पुन्हा विसरून जाल."

"मग मी काय करू?"

"माझ्या शेजारची खोली अजून रिकामी हाय. शाळा जवळ, पाणी गोड, सगळं तुम्ही मागितलं तसं. सोनल तिथं राहील, तिचा काय गुन्हा न्हाय. भिंतीला भिंत लावून राहा, रोज सकाळी माझं तोंड बघा. पर सामान उतरायच्या आधी मोनालीला सांगायचं. तिला वाटतं, तिचंच नशीब फुटकं. तिचा कान कुणापायी गेला, ते तुमच्या तोंडानं सांगायचं. मी एक शब्द बोलणार न्हाय."

चौघी रिक्षाने परत आल्या. सत्यभामाने सांगताच सुमित्राबाईने शेजारची खोली झाडायला घेतली. दुपारचं पाणी आलं होतं, ओळीतल्या बायका नळावर हंडे घेऊन जमल्या होत्या, टेम्पोवाला दोरी सोडायला उतावीळ झाला होता. सत्यभामाने त्याला हाताने थांबवलं आणि आपल्या उंबऱ्यावर बसली.

मोनाली आंब्याखाली सोनलला सागरगोटे शिकवत होती. अरुणाताई तिच्याजवळ जाऊन बसल्या. बसल्या त्या डाव्या बाजूला. कुठला कान गेला, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. सत्यभामा सांगू शकली असती. नाही सांगितलं.

खाली मान घालून, बायकांच्या कानावर जाऊ नये अशा बारीक आवाजात त्या बोलत राहिल्या. बराच वेळ. नाल्याकाठची खोली, शाळेजवळची खोली, बहीण, सगळं असावं त्यात. मधेच त्यांनी पदराने डोळे पुसले. शेवटी मोठा श्वास सोडून, सुटल्यासारख्या त्या मोनालीच्या तोंडाकडे बघू लागल्या.

मोनालीने हातातला सागरगोटा झेलला. मग कुणी तरी शेजारी बसलंय हे ध्यानात येऊन तिने मान वळवली.

"काय म्हणालात काकू? मला या कानानं ऐकू येत न्हाय. जरा मोठ्यानं सांगा की."

अरुणाताईंनी वळून उंबऱ्याकडे बघितलं. सत्यभामा हलली नाही. नळावरच्या बायकांचं बोलणं थांबलं होतं, सुमित्राबाई झाडू हातात धरून उभी होती.

"तुझा कान माझ्यामुळे गेला, मोनाली," अरुणाताई मोठ्याने म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.