दुपट्याखालचा मोरपंखी

जुलैमध्ये आम्हाला बोलायची बंदी असते. शाळकरी मुलींच्या स्पर्धा चालू असतात, अमेरिकाभरातल्या कॉलेजांचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक मुली हेरायला येतात, आणि स्पर्धा संपेपर्यंत मुलीशी किंवा तिच्या आईवडिलांशी एक शब्द बोललं तरी नियम मोडतो. फोन नाही, निरोप नाही. पाण्याच्या नळापाशी मुलगी शेजारी येऊन उभी राहिली तरी आपण भिंत बघायची. म्हणून आम्ही शर्ट घालतो. कॉलेजच्या रंगाचा, छातीवर नाव असलेला. कोर्टाच्या टोकाला आमच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे बसायचं आणि दिसायचं. रंग बघून मुलीने काय ते समजायचं.

आमचा रंग मोरपंखी.

"कोच, सगळेच गोड बोलतात," टेगन मला जूनमध्ये फोनवर म्हणाली होती. सतरा वर्षांची, नेब्रास्कातल्या एका लहानशा गावातली. "मी आता ऐकणं सोडलंय. इंडियानात माझ्या मॅचला कोण येतंय ते बघणार आणि रविवारी संध्याकाळी सांगून टाकणार."

"मी येणार. प्रत्येक मॅचला," मी म्हणाले.

अशी मुलगी मी खूप वर्षांत पाहिली नव्हती. चेंडू तिच्या हातात आला की बाकीच्या चौघींना आपण कुठे पळायचं ते आपोआप समजायचं. पण माझी मुख्य कोच रोन्डा हिला शाळकरी मुलींचा कंटाळा आला होता. ज्या मुलींना आपलं कॉलेज सोडून दुसरीकडे जायचं असतं त्या हल्ली पोर्टलवर नाव घालतात, आणि रोन्डा रोज सकाळी कॉफी पिता पिता ती नावं चाळते.

"अगं कॅरिस, एकवीस वर्षांची तयार मुलगी मिळत असताना सतराची आणून वाढवायची कशाला? वाढवली की तीच पोर्टलवर जाते," ती म्हणाली. "ही टेगन आली तर ठीक. नाही आली तर तिची जागा मी पोर्टलमधून भरणार. आणि पुढच्या वर्षी मुली शोधत फिरणाऱ्या माणसाची मला गरज आहे का, तेही बघावं लागेल."

ते माणूस म्हणजे मी. आणि त्या जुलैत माझ्याबरोबर पाच महिन्यांची मेव्ह होती.

शुक्रवारी त्या अवाढव्य दालनात शिरले तेव्हा पायाखाली जमीन आहे की पाणी, समजेना. एकाला लागून एक निळी कोर्टं, वरून पांढरा उजेड, आणि इतके चेंडू एकदम आपटत होते की तो आवाज कानांऐवजी बरगड्यांत वाजत होता. रात्रभर मेव्हने झोपू दिलं नव्हतं. तिच्या कानांवर आवाज अडवणारी गुबगुबीत टोपणं चढवली, तिला पोटाशी झोळीत बांधलं आणि उजेड लागू नये म्हणून वरून दुपटं टाकलं. दर दोन मिनिटांनी दुपट्यात बोट घालून तिचा श्वास तपासत होते. खुर्च्यांच्या डोक्यावरच मोठा भोंगा होता, म्हणून मी दाराजवळ, पालकांच्या बाकांवर बसले. शेजारच्या बाईने मला सोललेलं संत्रं दिलं.

टेगन कोर्टवर आली आणि तिने आधी खुर्च्यांकडे पाहिलं. तिथे नारिंगी शर्टातले तिघं ओळीने बसले होते. मोठं कॉलेज, टीव्हीवर सामने, मुलींना वर पैसेही. मग तिची नजर बाकांवरून फिरली, माझ्यावरून गेली आणि पुढे सरकली. आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो. तिने मला पाहिलं होतं ते कॉलेजच्या फोटोत, मेव्हच्या आधीच्या. सडपातळ, केस मोकळे, झोप झालेली.

मला ते काही खटकलं नाही. मी आले होते ना. ती त्या दिवशी जोरात खेळली, शनिवारी त्याहून जोरात. सगळे नेम स्वतःच मारले. पंचवीस-तीस गुण केले असतील, पण ओठ घट्ट मिटलेले.

शनिवारी खायच्या गाड्यापाशी लमार भेटला. टेनेसीतल्या एका कॉलेजचा प्रशिक्षक, जुना दोस्त.

"काय गं, तुमच्या कोचिंग स्टाफमध्ये नवीन भरती वाटतं," तो झोळीत डोकावत म्हणाला. "शिट्टी वाजवता येते का हिला?"

"भोंग्यापेक्षा मोठी."

"बरं, टेगनला सोडून दिलंत का तुम्ही? दोन दिवसांत एकाही मॅचला दिसली नाहीस."

"मी प्रत्येक मॅचला होते!"

"कुठे?" त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि हसू लागला. "कॅरिस, तुझ्या अंगावर बदकं आहेत."

मी खाली पाहिलं. दुपटं. गळ्यापासून कमरेपर्यंत पिवळी बदकं. मोरपंखी कुठेच नव्हता.

रोन्डाचा फोन आला तेव्हा मी तिला खरं ते सांगून टाकलं. "तुला बघायला नाही पाठवलं गं," ती म्हणाली. "बघायला व्हिडिओ आहेत. तुला दिसायला पाठवलंय."

"उद्या शेवटची मॅच आहे."

"मग दीस."

रविवारी मी वेळेआधी पोचले. मेव्ह रडून रडून नुकतीच झोपली होती, तिचा घाम माझ्या शर्टातून आत झिरपत होता. ठरवलं होतं, टेगन आली की दुपटं काढायचं आणि सरळ खुर्चीत जाऊन बसायचं. मेव्ह उठली तर उठली.

टेगन आली. तिने खुर्च्यांकडे पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. नारिंगी शर्टवाल्यांना हवं ते दोन दिवसांत बघून झालं होतं, आता ते पलीकडच्या कोर्टवर दुसऱ्या कुणासाठी बसले होते. तिचे खांदे खाली आले. मला वाटलं, खचली. माझा हात दुपट्याच्या टोकाला गेला.

मग खेळ सुरू झाला आणि माझा हात तिथेच राहिला.

ती खचली नव्हती, सैल झाली होती. जणू कुणीतरी तिच्या अंगावरून ओला कोट काढून घेतला होता. तिच्या संघात एक खूप उंच मुलगी होती, हातापायांचं काय करावं ते न कळणारी. टेगनने तिला पास दिला. तिच्या हातून सुटला. टेगनने परत तिलाच दिला. परत सुटला, बाकांवरचे बाप कण्हले. तिसऱ्यांदा टेगन उजवीकडे बघत होती आणि चेंडू डावीकडे निघाला, इतक्या सावकाश की मला त्याच्यावरच्या रेघा फिरताना दिसल्या. तो त्या उंच मुलीच्या तळव्यात जाऊन बसला आणि तिथून रिंगमध्ये. टेगन दोन्ही हात डोक्यावर धरून उलटी पळत गेली, तोंड उघडं, मोठ्याने हसत. एवढ्या गलक्यात तिचं हसू ऐकू येणं शक्य नव्हतं. मला आलं.

त्यानंतर दालनातले बाकीचे आवाज दूर गेले. मेव्हचा श्वास माझ्या छातीवर वरखाली होत होता आणि त्याच लयीत ती पोरगी पळत होती, थांबत होती, वळत होती. आत्ता दुपटं काढलं तर तिला मोरपंखी दिसेल. मी खुर्चीत जाऊन बसेन आणि ती ओठ मिटून नेम मारायला लागेल. नाही काढलं तर आमच्याकडून कुणी आलंच नाही असं ती धरून चालेल, आणि माझी नोकरीही बहुधा गेली. टोक माझ्या मुठीत होतं. मी मूठ उघडली नाही आणि ओढलीही नाही. शेवटची शिट्टी वाजली.

संध्याकाळी गाडी सोयाबीनच्या शेताच्या कडेच्या पार्किंगमध्ये होती. मी मागच्या सीटवर मेव्हला पाजत होते. स्पर्धा संपली होती, आता बोलायला हरकत नव्हती. फोन वाजला.

"कोच, टेगन बोलतेय. तुम्ही येणार म्हणाला होतात."

"आले होते."

"नव्हता आलात. मी बघितलं." आवाज ताठ होता, पण कडेने थरथरत होता.

"त्या उंच मुलीच्या हातून दोनदा चेंडू सुटला," मी म्हणाले. "तरी तू तिसऱ्यांदा तिलाच दिलास. उजवीकडे बघत."

"ब्रिएल तिचं नाव," ती म्हणाली. "तिला कुणीच पास देत नाही."

"शनिवारी तूही दिला नव्हतास."

"शनिवारी ते बघत होते ना." मग तिने विचारलं, "म्हणजे बदकंवाल्या बाई तुम्ही? मला वाटलं कुणाची तरी आई आहे."

"आईच आहे. तेव्हा शर्ट दाखवायला हवा होता. पण मग तू तशी खेळली नसतीस."

पलीकडे कुणीतरी तिला पिझ्झा थंड होतोय म्हणून हाक मारली. "आले गं!" ती ओरडली, आणि मला म्हणाली, "कोच, मी आले तर तुम्ही असाल का तिथे? कोच सोडून जातात. माझ्या मैत्रिणीची गेली, पहिल्याच वर्षी."

मेव्हने दूध सोडून माझ्याकडे पाहिलं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "रोन्डा मला ठेवेल की नाही, खरंच माहीत नाही."

"बाकी सगळे म्हणाले, असणारच."

शेतावरचा उजेड पिवळा होऊन खाली बसत होता. आता ती 'थँक यू कोच' म्हणेल आणि फोन ठेवेल, याची मी वाट पाहत होते.

"कोच," ती हळू आवाजात म्हणाली, "नाही कसं सांगतात?"

"कुणाला?"

"नारिंगीवाल्यांना. चांगली माणसं आहेत हो. मी नाही म्हणताना रडेन."

तिने प्रश्न विचारला होता, आणि नाही ऐकण्यात माझ्याइतकं मुरलेलं कोण होतं?

"आधी आभार मान," मी म्हणाले. "मग नाही म्हण. कारण सांगत बसू नकोस, कारण दिलं की ते त्यावर तोड काढतात."

"आणि मग?"

"मग ते गप्प होतील. तेव्हा तू बोलायचं नाहीस. रडू आलं तर रड, पण बोलू नकोस."

तिने श्वास घेतला आणि ती वाक्यं पुटपुटत म्हणून पाहू लागली. आधी आभार. मग नाही. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले.